सॉल्ट लेक सिटी: जेन मॅनिंग जेम्सच्या मागावर

सॉल्ट लेक सिटीला आपले लोक बहुतेक यलोस्टोनच्या वाटेवर मुक्कामाला थांबतात, टेंपल स्क्वेअरमध्ये, म्हणजे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मंदिराच्या चौकात, फोटो काढतात आणि सकाळी गाडी काढतात. आम्ही ठरवलं, शहर बघायचं ते एकाच बाईच्या मागावर. त्यामुळे बाकीचं बरंच राहिलं, पण हळहळ वाटली नाही.

ही जेन कनेटिकटमधल्या विल्टनची. 1820 च्या आसपासचा जन्म, कुटुंब कृष्णवर्णीय पण स्वतंत्र. आई मात्र एके काळी गुलाम होती. लहानपणापासून एका गोऱ्या कुटुंबात कामाला. विशीत ती मॉर्मन झाली आणि 1843 साली आई, भावंडं असा सगळा गोतावळा घेऊन इलिनॉयमधल्या नॉवू या मॉर्मनांच्या गावी निघाली. बफेलोला त्यांना बोटीत चढू दिलं नाही. मग उरलेले 800 मैल पायी! बूट झिजून संपले, तळपाय फुटले, जमिनीवर रक्ताचे ठसे उमटले, हे तिनंच उतारवयात सांगून लिहून घेतलेल्या आठवणींत आहे. पिओरियात तर ‘गुलामीतून मुक्त झाल्याचे कागद दाखवा’ म्हणून अडवलं. जेन तर जन्मापासून स्वतंत्र, तिनं कागद आणायचे कुठून?

नॉवूत मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याच्या घरी तिला आसरा आणि धुण्याचं काम मिळालं. 1844 साली जमावानं त्याला ठार मारलं. पुढे आयझॅक जेम्सशी लग्न, आणि मग बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर पश्चिमेकडे. सप्टेंबर 1847 मध्ये नवरा आणि सिल्व्हेस्टर, सायलस ही दोन मुलं यांच्यासह ती या खोऱ्यात पोचली. मॉर्मनांची पहिली तुकडी येऊन दोनच महिने झाले होते. म्हणजे शहराच्या अगदी पहिल्या रहिवाशांपैकी ती एक.

म्हणूनच सुरुवात टेंपल स्क्वेअरपासून करू नका. आधी शहराच्या पूर्व कडेला, इमिग्रेशन कॅन्यनच्या तोंडाशी असलेल्या ‘धिस इज द प्लेस’ हेरिटेज पार्कला जा. तांडे याच घळीतून उतरले. डोंगराला पाठ करून उभं राहिलं की सगळं खोरं समोर पसरतं. आज तिथे झाडं आणि इमारती आहेत. डोळ्यांपुढून त्या काढून टाका, मग त्या लोकांच्या पोटात काय गोळा आला असेल ते कळतं. 1947 सालचं मोठं स्मारक आहेच, पण 2022 मध्ये कृष्णवर्णीय पायोनियरांचे, म्हणजे इथे पहिल्यांदा वस्ती करणाऱ्यांचे, पुतळे बसवले आहेत, ते चुकवू नका. त्यात जेन आहे, आणि पहिल्या तुकडीबरोबर गुलाम म्हणून आलेला ग्रीन फ्लेकही. पार्कमधल्या जुन्या घरांत मेरी फिल्डिंग स्मिथ या विधवेचं कच्च्या विटांचं घर आहे. आत डोकावून बघा: तेवढ्याशा जागेत चूल, खाटा, पोरंबाळं. जेनचं घर काही उरलेलं नाही, तेव्हा अंदाज इथेच बांधायचा. लहान मुलं बरोबर असतील तर छोटी आगगाडी आहे आणि रस्त्यापलीकडे प्राणिसंग्रहालय. अर्धा दिवस सहज जातो. सकाळी लवकर जा. उन्हाळ्यात दुपारी सावली शोधावी लागते.

पिठाची गोष्ट इथेच सांगतो, कारण मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. 1849 च्या वसंतात एलायझा लायमन या शेजारणीचा नवरा कामगिरीवर कॅलिफोर्नियाला गेला. घरात पीठ नाही, आणायला पैसा नाही. एलायझानं रोजनिशीत लिहून ठेवलंय की जेननं तिला दोन पौंड पीठ दिलं, आणि ते जेनच्या घरात होतं त्याच्या जवळजवळ निम्मं होतं. दोन पौंड म्हणजे आपलं किलोलाही कमी. पदरी तीन लेकरं असताना!

तिथून शहराच्या दफनभूमीत जा. अ‍ॅव्हेन्यूज नावाच्या चढावरच्या वस्तीत आहे ती, आणि प्रचंड मोठी. कबरीची जागा आधी इंटरनेटवर शोधून घ्या, नाहीतर उन्हात वणवण होईल. बूट धड हवेत, चढ दमवतो. जेन आणि आयझॅक यांच्या कबरीपाशी 1999 साली उभारलेलं स्मारक आहे. आयझॅक मधली वीस वर्षं तिला सोडून गेला होता, म्हातारपणी परतला आणि 1891 मध्ये वारला. अंत्यविधी तिच्याच घरातून झाला. आठ लेकरांपैकी शेवटी दोनच उरली होती. धुणी धुऊन, साबण करून तिनं संसार ओढला. 1908 साली ती गेली तेव्हा मॉर्मन चर्चचे अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ, म्हणजे कच्च्या विटांच्या घरातल्या त्या मेरीचाच मुलगा, अंत्यविधीत बोलले.

आता टेंपल स्क्वेअर. कृष्णवर्णीयांना मंदिरातले मुख्य विधी बंद होते. जेन वर्षानुवर्षं पत्रं पाठवून आणि स्वतः भेटून अर्ज करत राहिली. 1894 मध्ये तिला जोसेफ स्मिथच्या कुटुंबाशी कायमचं जोडलं, पण ‘सेविका’ म्हणून. आणि त्या विधीलाही तिला आत घेतलं नाही, तिच्या जागी दुसरी बाई उभी केली. शेजारच्या टॅबर्नेकल या सभागृहात मात्र तिच्यासाठी पुढची जागा राखून ठेवलेली असे. पंढरपूरच्या महाद्वारासमोर चोखोबांची समाधी पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. बंदी उठली 1978 साली. पुढच्या वर्षी तिच्या नावानं ते विधी झाले.

चौकात वेगवेगळ्या देशांतून आलेल्या तरुण मिशनरी मुली माहिती देतात. अतिशय गोड बोलतात. जेनबद्दल जरूर विचारा, मंदिरबंदीबद्दलही विचारा. आम्हाला सरळ उत्तर मिळालं. फोन नंबर मागितला आणि द्यायचा नसेल तर हसून नाही म्हणा, कुणी रागावत नाही. वस्तू पाहायच्या तर कॅपिटॉलजवळच्या (राज्याच्या विधिमंडळाची इमारत) पायोनियर मेमोरियल म्युझियममध्ये. प्रवेश फुकट, आणि मांडणी आजीच्या माळ्यासारखी खच्चून भरलेली.

काही व्यवहाराच्या गोष्टी. विमानतळावरून ट्रॅक्स रेल्वे थेट मध्यवस्तीत येते, आणि मध्यवस्तीत ठरावीक भागात ती फुकट आहे. पत्ते टेंपल स्क्वेअरपासून मोजतात, 300 नॉर्थ म्हणजे उत्तरेला तीन ब्लॉक. पण इथला एक ब्लॉक सुमारे 200 मीटरचा, त्यामुळे ‘चारच ब्लॉक’ ऐकून आईवडिलांना चालवू नका. शहर 1,300 मीटर उंचीवर आणि हवा कोरडी: पाण्याची बाटली आणि ओठांना लावायला काहीतरी जवळ ठेवा. रविवारी बरंच काही बंद असतं. 24 जुलैला पायोनियर डे, मिरवणूक बघण्यासारखी, पण खोल्या फार आधी घ्याव्या लागतात.

मंदिर भूकंपरोधक बांधकामासाठी 2019 च्या अखेरीपासून बंद आहे. एरवीही आत फक्त परवाना असलेल्या मॉर्मनांनाच प्रवेश. पण काम संपल्यावर, पुन्हा अर्पण करण्याआधी, एप्रिल ते ऑक्टोबर 2027 या काळात ते सगळ्यांसाठी खुलं ठेवणार असल्याचं चर्चनं जाहीर केलं आहे. जायचंच असेल तर तेव्हाचा बेत आखा. मात्र एप्रिल आणि ऑक्टोबरचा पहिला शनिवार-रविवार टाळा. चर्चचं अधिवेशन असतं आणि शहरात पाय ठेवायला जागा नसते.