फाइलवर पार्किन्सन्स, सुरीखाली दुसरंच

मेंदू महिनाभर फॉर्मॅलिनमध्ये राहिला की घट्ट होतो आणि मग आमच्याकडे ब्रेन कटिंगला येतो. एकानं फाइल वाचायची, दुसऱ्यानं कापायचं. त्या दिवशी फाइल माझ्याकडे होती. पुरुष, पार्किन्सन्स, सात वर्षं. सुरुवातीला सिंडोपानं, म्हणजे लेव्होडोपाच्या गोळीनं, बराच फरक, पुढे गुण येईनासा झाला. मधे एका नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये सहभाग, उपयोग नाही. मेंदूदान करायचं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. आपल्याकडे असं क्वचितच कुणी करतं.

मॅडमनी आधी मध्यमेंदू आडवा छेदला. निरोगी माणसात तिथे दोन्ही बाजूंना काजळाची रेघ ओढल्यासारखा काळा पट्टा दिसतो, सबस्टॅन्शिया नायग्रा. हालचालींसाठी लागणारं डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी इथल्याच. यांचा पट्टा जवळजवळ पुसला गेला होता. पार्किन्सन्समध्ये असंच दिसतं, म्हणून मी फॉर्म भरायला घेतला.

"थांब गं जरा," मॅडम म्हणाल्या.

मोठ्या मेंदूचे काप पडले तेव्हा प्युटामेन, म्हणजे हालचाली सांभाळणारा मेंदूच्या आतला भाग, दोन्हीकडे आक्रसलेलं, बाहेरच्या कडेला तपकिरी-राखाडी चिरेसारखा डाग. हे पार्किन्सन्समध्ये नसतं. पुढे स्लाइडवर खात्रीच पटली. अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या होत्या, पण पार्किन्सन्समध्ये दिसणाऱ्या चेतापेशींमधल्या ल्युई बॉडी नव्हेत, तर चेतापेशींना सांभाळणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींमध्ये. निदान: मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी, पार्किन्सन्ससारखाच दिसणारा पण वेगळा आजार.

त्यांच्या डॉक्टरांना बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. पहिली काही वर्षं हे दोन आजार ओपीडीत वेगळे ओळखणं महाकठीण. 1992 मध्ये दान केलेले मेंदू जपणाऱ्या लंडनच्या ब्रेन बँकेनं पार्किन्सन्स म्हणून निदान झालेले 100 मेंदू तपासले, तेव्हा 76 मध्येच पार्किन्सन्स निघाला. तेव्हापासून निदान सुधारलंय, पण बिनचूक झालेलं नाही.

रिपोर्ट न्यायला मुलगा आला. पहिला प्रश्न अपेक्षितच, "मलाही होईल का हे?" हा आजार सहसा आनुवंशिक नसतो म्हटल्यावर जरा सैलावला. मग म्हणाला, "डॉक्टर, रागावू नका. जगभर पार्किन्सन्सवर इतका पैसा ओततात, बाबा ट्रायलला जाऊन आले, तरी गोळी तीच जुनी. असं का?"

प्रश्न रास्त होता. लेव्होडोपा तोंडावाटे मोठ्या डोसमध्ये दिलं की रुग्ण चालू लागतात, हे कॉट्झियास या डॉक्टरनं 1967 मध्ये दाखवलं. आजही मुख्य आधार तोच. नंतरच्या बहुतेक गोळ्या डोपामिनचीच तूट भरून काढतात. रोग रोखून धरणारी एकही नाही. क्रिएटिनची ट्रायल 1741 रुग्णांवर झाली आणि फायदा दिसेना म्हणून 2013 मध्ये आवरती घ्यावी लागली. प्राण्यांमध्ये औषधं चालतात, कारण तिथे एमपीटीपी नावाचं विष टोचून काही दिवसांत डोपामिनच्या पेशी मारतात. माणसात हीच नासधूस वर्षानुवर्षं चालते, आणि हात थरथरायला लागून निदान होईपर्यंत नायग्रातल्या निम्म्याच्या आसपास पेशी संपलेल्या असतात. ट्रायल सुरूच तिथून होते. वर भरती झालेले सगळे एकाच आजाराचे असतील याचीही खात्री नाही. लेव्होडोपाच्याच एका ट्रायलमध्ये ज्यांचे स्कॅन काढले, त्यांतल्या सुमारे 15 टक्के लोकांचा डोपामिन स्कॅन चक्क नॉर्मल निघाला, म्हणजे त्यांना बहुधा पार्किन्सन्स नव्हताच! अशा सरमिसळीत एखाद्या औषधाचा थोड्या जणांना खरंच फायदा झाला, तरी तो सरासरीत बुडून जातो.

माझं मत विचाराल तर पैसा कमी नाही पडला. तो आधी औषधांवर गेला आणि कुणाला नेमकं काय झालंय हे ओळखण्यावर फार उशिरा. मणक्यातल्या पाण्यात चुकीच्या घडणीचं अल्फा-सिन्यूक्लिन पकडणारी चाचणी मोठ्या अभ्यासात खरी उतरली ती 2023 मध्ये. लेव्होडोपानंतर अर्धशतक उलटून गेल्यावर!

मुलानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मग त्या ट्रायलमध्ये बाबांचं निदान आता दुरुस्त करतील ना?"

तसं कळवायचं मी कबूल केलं आणि रिपोर्ट जोडून मेल पाठवली. दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं: माहितीबद्दल आभार, डेटाबेस लॉक झाला आहे, आता नोंदीत बदल करता येणार नाही.