एकीचं ५, ८, ११ आणि दुसरीचं ११, ८, ५

मी घरी दहावीच्या गणिताची शिकवणी घेते, त्यामुळे बोर्डाच्या परीक्षेत गणिताच्या दोन्ही दिवशी, बीजगणिताच्या आणि भूमितीच्या, मी सेंटरच्या गेटसमोर रसवंतीच्या मांडवात उभी असते. पेपर ११ ला सुरू होतो आणि १ वाजून १० मिनिटांनी सुटतो, आधी ती १० मिनिटं सुरुवातीला पेपर वाचायला मिळायची, २०२३ पासून शेवटी मिळतात, आणि मुलांना हेच बरं पडतं कारण राहिलेली एखादी बेरीज तरी तपासून होते. बेल झाली की पाच मिनिटांत गेटवर जो गलका होतो तो मला वर्षभराच्या शिकवणीइतकाच महत्त्वाचा वाटतो. प्रत्येकाच्या हातात घडी घातलेली प्रश्नपत्रिका, कडेला पेन्सिलनं लिहिलेली उत्तरं, आणि तोंडात एकच, "तुझं किती आलं?"

यावेळी माझ्या दोघी मुली बाहेर आल्या त्याच मुळी भांडत. प्रश्न असा की अंकगणिती श्रेढीतल्या, म्हणजे सारख्या फरकानं चढत किंवा उतरत जाणाऱ्या आकड्यांतल्या, तीन क्रमागत पदांची बेरीज २४ आणि गुणाकार ४४०, तर ती पदं काढा. एकीचं उत्तर ५, ८, ११. दुसरीचं ११, ८, ५. आता आकडे तेच आहेत हे कुणालाही दिसेल, पण पेपरमधून बाहेर आलेल्या पोरीला ते दिसत नाही, तिला फक्त एवढंच दिसतं की मैत्रिणीचं पहिलं पद ११ आहे आणि आपलं ५, म्हणजे गेले मार्क. तिचे डोळे भरून आले. मी म्हटलं थांब, रडू नको, आधी कसं केलंस ते सांग. तिनं पदं ए वजा डी, ए, ए अधिक डी अशी मानली होती (डी म्हणजे तो फरक), बेरजेवरून ए आला ८, मग गुणाकारात ६४ वजा डीचा वर्ग बरोबर ५५, म्हणजे डीचा वर्ग ९. इथपर्यंत दोघींचं अक्षरशः ओळीला ओळ सारखं! फक्त इथून पुढे हिनं डी बरोबर ३ घेतलं आणि तिनं वजा ३. वर्गमूळ काढताना दोन्ही चिन्हं लिहायची असतात, आणि म्हणून उत्तरही दोन्ही लिहायचं, ५, ८, ११ किंवा ११, ८, ५. म्हणजे चूक कुणाचंच नव्हतं, एकाच उत्तराची अर्धी बाजू हिच्याकडे होती आणि अर्धी तिच्याकडे. हे कळल्यावर दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या आणि मग प्रश्नपत्रिका रसवंतीच्या टेबलावर पसरून पुढचे प्रश्न ताडून बघायला लागल्या, पण आता "किती आलं" नाही, "कसं केलंस" असं विचारत.

मला या पोस्टमधून हेच सांगायचंय. पेपर झाल्यावर उत्तरं ताडून बघू नका, झालं गेलं विसरा, असं सगळे सांगतात आणि ते मला अजिबात पटत नाही. मुलं बघणारच, आणि बघूही द्यावं, कारण वर्षभर मी घसा कोरडा करून सांगितलेली गोष्ट गेटवर दोन मिनिटांत डोक्यात जाते. त्याच दिवशी एकानं संभाव्यतेत दोन नाण्यांचा नमुना अवकाश, म्हणजे काय काय पडू शकतं त्याची यादी, तीनच घटकांचा लिहिला होता, दोन्ही छापे, दोन्ही काटे आणि एक छापा एक काटा, त्यामुळे किमान एक छापा मिळण्याची संभाव्यता त्याची आली २/३ आणि बाकी सगळ्यांची ३/४. त्याच्या मित्रानं खिशातून एक रुपयाचं आणि दोन रुपयांचं नाणं काढून त्याच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाला, हे बघ, रुपयावर छापा अन् दोनावर काटा हे वेगळं, आणि रुपयावर काटा अन् दोनावर छापा हे वेगळं. बास. तो मुलगा आता जन्मात चुकणार नाही. जीएसटीचंही तसंच, १०,००० वर १८ टक्के म्हणजे १,८०० हे सगळ्यांना येतं पण विचारलं होतं सीजीएसटी, म्हणजे केंद्राचा वाटा, तो त्याच्या निम्मा ९००, तिथं दोघांची घाई नडली.

त्रास होतो तो नुसता शेवटचा आकडा विचारल्यानं, आणि तो बहुतेकदा मोठी माणसंच विचारतात. माझ्या स्वतःच्या दहावीत आमच्या ओळखीतल्या एका काकांनी गेटवरच माझ्या हातातला पेपर घेतला, पाच उत्तरं विचारली, दोन चूक आहेत म्हणाले आणि स्कूटर काढून निघून गेले. बीजगणित आणि भूमिती यांच्या मधे एकच दिवस होता, तो मी रडण्यात घालवला, प्रमेयं उघडूनसुद्धा बघितली नाहीत. भूमितीत मग स्पर्शिकेची रचना, जी मला झोपेत पण यायची, ती अर्धी राहिली. निकालानंतर कळलं की बीजगणितात मला चांगले मार्क होते आणि गेले होते ते भूमितीत. त्या काकांचा राग मला आजही येतो, खोटं कशाला बोलू.

आणि आईबाबांनो, एक लक्षात घ्या, ४० मार्कांच्या पेपरात उत्तराच्या आकड्याला सगळे मार्क नसतात. पर्यायांचे ४ प्रश्न सोडले तर पायरीला मार्क आहेत, सूत्र लिहिलं, किमती घातल्या, क्रेमरच्या पद्धतीत निश्चयक बरोबर काढले, तर शेवटी वजाचं चिन्ह सुटलं म्हणून सगळं पाण्यात जात नाही. दुपारी व्हॉट्सॲपवर सोडवलेल्या पेपरची पीडीएफ फिरायला लागते, ती कुणीतरी घाईत सोडवलेली असते आणि तिच्यातही चुका असतात, मी स्वतः पकडल्यात, त्यामुळे ती मुलांसमोर धरून मार्क मोजत बसू नका.

त्या दोघी अडीचपर्यंत मांडवातच होत्या. रसाचे ग्लास कधीच रिकामे झालेले, प्रश्नपत्रिकेवर ग्लासाचा ओला गोल उमटलेला. जाताना जी रडत होती तिनं पेन काढून ५, ८, ११ च्या पुढं "किंवा" लिहिलं आणि मैत्रिणीची तीन पदं लिहून घेतली, म्हणाली, "मॅडम, उद्या सकाळी ७ ला येतो दोघी, वर्तुळाची प्रमेयं परत एकदा घ्या." मी म्हटलं सातला कशाला, साडेसहालाच या.