जबडा वाजला! (बडग्या अपडेट, जबडा नंबर तीन)

वाजला एकदाचा, आमच्या बडग्याचा, म्हणजे नागपूरच्या मारबत मिरवणुकीतल्या पुतळ्याचा, हलता जबडा. काल रात्री साडेअकराला, टक्कन, जुन्या पेटीची कडी बसते तसा. तीनदा उघडला, तीनदा मिटला आणि तिन्ही वेळा खालचा ओठ वरच्या ओठावर असा येऊन बसला की मधे पोस्टकार्ड जाईना. घरच्यांना उठवलं नाही. जबडा नंबर दोनच्या वेळेस उठवलं होतं, रात्री चहाबिहा झाला होता, आणि सकाळी बघते तर तो वाकडा. तेव्हापासून माझ्या "झालं बरं का"ला घरात कोणी विचारून नाही राहिलं.

यंदाचा बडग्या डिजिटल अरेस्टवाला आहे, म्हणजे व्हिडिओ कॉलवर पोलीस बनून लुटणारा. नकली पोलिसाची टोपी, एका हातात मोबाइल, दुसऱ्यात बेड्या, पोटात स्पीकर. आमच्याच गल्लीतल्या एका रिटायर्ड काकांना अशाच फोनवाल्यानं दोन तास व्हिडिओ कॉलसमोर बसवून ठेवलं होतं, सून भाजी घेऊन परत आली म्हणून पैसे वाचले. आता काका स्वतःच म्हणतात आवाज मी देतो, कारण "आपके नाम से पार्सल पकडा गया है" पासून पुढचं सगळं त्यांचं पाठ झालंय. म्हणजे बडग्या बोलणार, बोलणार तर तोंड हललं पाहिजे, आणि माझा अख्खा आषाढ त्या तोंडात गेला.

जबडा नंबर एक कागदाच्या लगद्याचा होता, त्याच्याबद्दल जास्त नाही बोलत. मेथी भिजवून वाटून लगद्यात घाला म्हणून ज्यांनी सांगितलं त्यांचे आभार, किडा एक लागला नाही. पण वाळल्यावरसुद्धा दोन किलो चारशे ग्रॅम भरला. दोरी ओढली की तोंड उघडायचं आणि मग उघडंच, जसं काही बाबूजींनी खर्रा तोंडात टाकायला आ केला आणि विसरले.

म्हणून नंबर दोन थरांचा केला. मातीचा साचा, त्यावर कागदाचे थर, चेहऱ्याचा साचा वेगळा, जबड्याचा वेगळा. वजन साडेनऊशे ग्रॅमवर आलं, मी खूश. आणि इथूनच डोकं फिरायला सुरुवात झाली. जबडा म्हणजे आकारानं घोड्याची नाल, मागून उघडी. कागद वाळताना आक्रसतो, आणि कूलरची हवा एकीकडूनच लागत होती तर ती बाजू आधी वाळली, आधी आक्रसली, दुसरीला ओढत घेऊन गेली. नालेची दोन टोकं धरून ठेवायला मागे काहीच नाही, मग ती आत वळली आणि वर पीळ पडला. उजवीकडे ओठ बरोबर, डावीकडे दोन बोटं फट. मंडळातला अकरावीतला पोट्टा आला, दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, याले लकवा मारला का वो?"

मी काय काय केलं विचारू नका. ओला केला, आत बांबूच्या कमच्यांचा ताण दिला, सुतळीनं आवळला, वाळवला, सोडला, परत तिकडेच. असं चार वेळा. पाचव्या वेळी इस्त्री फिरवली, तर वरचा थर फुगून आला पुरीसारखा. त्यात झड लागली. झडीत कागद वाळणं तर सोडाच, वाळलेला परत हवेतलं पाणी पितो, सकाळी एक फट आणि संध्याकाळी दुसरी. मेमध्ये हेच काम केलं असतं तर एका दुपारीत खडखडीत झालं असतं, पण मेमध्ये मंडळाची मीटिंग कधी झालीय का? विषयच ठरत नाही तोवर. ते तर बरं की यंदा अधिक ज्येष्ठ आल्यानं पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत सप्टेंबरात सरकली, नाही तर मी आता बडग्याच्या तोंडाला मास्क लावून मोकळी झाली असती.

बरं, मग सुचलं कुठून. उन्हाळ्यात कलिंगडवाला लाल दाखवायला तिकोनी डगळी कापतो ना, आपण बघतो, नाही म्हणतो, तो ती परत बसवून देतो. ती डगळी फक्त त्याच भोकात बसते, दुसऱ्या कलिंगडात नाही बसत. मी भांडी घासत होती आणि हे एकदम आठवलं. मी दोन वेगळे तुकडे करून एकमेकांत बसवायला बघत होती, तेच चुकत होतं. अख्खा चेहरा एकाच साच्यावर, तोंड मिटलेलं, गोल बंद आकार, तो वाळू द्यायचा आणि मग त्यातून जबडा कापून काढायचा. वाकडा होईल तर दोघंही सोबतच वाकडे होतील! भांडी तशीच राहिली त्या दिवशी.

मग सगळं नव्यानं. साच्याला काळी माती घेतली, वाळू मिसळून, कारण आपली काळी माती एकटी वापरली की वाळताना तिच्या भेगांत बोट जातं. पहिला थर नुसत्या पाण्यावर, खळ अजिबात नाही, म्हणजे साचा सुटतो. पुढचे नऊ थर खळीवर, एक साध्या पानांचा, एक रंगीत पुरवणीचा, असं आळीपाळीनं, तर कुठे थर राहून गेला ते लगेच दिसतं. कागद फाडायला शेजारच्या आजी बसतात, कात्रीनं कापू देत नाहीत, फाडलेल्या कडेला कागदाची लव असते आणि तीच पुढच्या थरात मुरते. कापलेली कड वर उमटते, रंग दिल्यावरही दिसते. आजींनी हे कुठे शिकलं विचारलं तर म्हणे पापड लाटता लाटता कळते बाई.

खळ मैद्याची आणि त्यात चिमूटभर मोरचूद. मोरचुदानं बुरशी येत नाही, पण विषारी आहे, हातमोजे घालून आणि वेगळ्या गंजात (पातेल्यात), स्वयंपाकाच्या नाही. पांढरा गोंद मी यावेळी सोडूनच दिला. इतवारीतल्या एका दुकानातून मोठा डबा आणला होता, झाकण उघडलं तर ताकासारखा पातळ, परत न्यायला गेली तर म्हणे मॅडम, हवामान आहे. हवामान! दहा रुपयांच्या मैद्यानं जे धरलं ते त्यानं नाही धरलं.

वाळवणीत एक बदल केला तो नोट करून ठेवा. कूलरमधलं पाणी काढून टाकलं, तिन्ही बाजूंच्या ताट्या काढल्या, आणि चेहरा सुतळीच्या बाजेवर पालथा ठेवला, म्हणजे खालूनही हवा. साचा अर्धवट ओला असतानाच आतून कोरून काढला. दर दोन तासांनी फिरवायचा, रात्री अलार्म लावून. चार दिवस. पोळ्या भाजल्यासारखं वाटत होतं.

आणि काल करवत. लोखंड कापायचं पातं, फ्रेम न लावता, एका टोकाला चिंधी गुंडाळून. पेन्सिलनं रेष मारली आणि अर्धा तास नुसती बसून राहिली, नऊ थर आणि चार रात्री समोर असल्या की हात उठत नाही. उजव्या गालाशी हात हललाच, रेष सोडून पातं नागमोडी गेलं. पण मजा हीच आहे, नागमोडी तर दोन्हीकडे सारखीच! वरचा काठ जिथे आत जातो तिथे खालचा बाहेर येतो. जबडा निघाला सहाशे वीस ग्रॅमचा. कापलेल्या काठाला खळीत बुडवलेली कागदाची पट्टी लावली, नाही तर थर सुटतात.

सांध्याला आधी बोल्ट लावणार होती, तसं मागे लिहिलं पण होतं. रद्द. बोल्ट कागदाला खात जातो, दहादा उघडलं की भोक ढिलं. त्याऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, दोन्ही कानांखाली, आतून कमचीला बांधलेल्या. सांधाही तोच आणि स्प्रिंगही तोच, ट्यूब ओढून धरते तर तोंड आपोआप मिटतं. कालची टक् ती हीच. कमच्यांसाठी मानवेल बांबूच घ्या, आणि हिरवा असताना चिरून घ्या, बुरड काका दोन मिनिटांत एकसारख्या काढून देतात, आपण घरी सुरीनं काढायला गेलो की एक जाड एक बारीक आणि बोट कापलेलं.

उघडायला नायलॉनची दोरी, खाली एक पोट्टा ओढणार, हा प्लॅन होता. होता म्हणते कारण हे लिहिता लिहिताच ट्यूबवरून सायकल आठवली आणि सायकलवरून ब्रेक. दोरी मानेतून येताना चार ठिकाणी घासते, ओली झाली की अडकते. ब्रेकचा वायर त्याच्या नळीतून कसाही वळवा, घासत नाही. आणि पोट्ट्याच्या हातात डायरेक्ट ब्रेकचा खटका! काकांचा आवाज आला की दाबायचं, सोडायचं. हिशोब करून बघितला: खटका वायर जेमतेम दोन सेंटिमीटर ओढतो आणि मला हनुवटीशी दहाबारा सेंटिमीटर पाहिजे. तर वायर हनुवटीला नाही, सांध्यापासून चार सेंटिमीटरवर बांधायचा, हनुवटी चोवीसवर आहे, म्हणजे सहापट. ताकदही सहापट लागेल खरी, पण जबड्याचं स्वतःचं वजन खालीच ओढतं, ट्यूबचा ताण फक्त तो उचलून धरण्याइतका ठेवला तर बोटांना जड नाही जाणार. तीन पट्ट्यांच्या ऐवजी दोन लावून बघते आज.

फक्त एक आहे, वायर, खटका, स्पीकर हे सगळं दहनाच्या आधी निघालं पाहिजे. मिरवणूक संपली की लोक थांबत नाहीत, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" सुरू झालं की कोणाचा स्पीकर आणि कोणाचं काय. म्हणून पोटाला मागून सुतळीचं दार ठेवतेय, एक गाठ ओढली की सगळं बाहेर. आणि म्हणूनच थर्माकोल नाही, मंडळातल्या दोघांनी परत काढलाच होता विषय, हलकं असते ताई म्हणे. हलकं असते, पण जळताना तो काळा धूर कोणाच्या नाकात जाते? ईडा पीडा घालवायची की नवीन आणायची? फ्लेक्सवर फोटो छापून बांबूला ठोकलेले बडग्येही दिसतात आता, त्याच्यावर मी बोलली की भांडण होते, जाऊ द्या. मिरवणुकीतल्या दोन मोठ्या पुतळ्यांपैकी काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि अजूनही बांबू, कागद, कापड. नेहरू पुतळ्याजवळ दोघी समोरासमोर येतात तेव्हा त्या गर्दीत आपला बडग्या ठेल्यावर उभा असणार, आणि माझा बोलणार. (मोरचूद असल्यामुळे जळताना जराशी हिरवी झाक दिसेल का, तांब्यानं ज्वाळा हिरवी होते ना. चिमूटभरच आहे, पण बघीन मी. वाऱ्याच्या उलट्या बाजूनं.)

रंग अजून बाकी आहे, व्हायटिंगचा (पांढऱ्या खडूच्या भुकटीचा) हात उद्या. मिशी काथ्याची करायची की काढायची यावर मोहल्ल्यात दोन पार्ट्या पडल्यात. काकांनी काल आवाज रेकॉर्ड करून पाठवला, सात मिनिटांचा, मधे स्वतःच घाबरले आणि "थांबा, पाणी पिऊन येतो" पण त्यातच आहे. मी ते कापणार नाही म्हणते.

आता काम एकच अडलंय. समोरच्या ब्रेकचा वायर आखूड पडतो, मागच्या चाकाचा पाहिजे, नळीसकट. कोणाकडे जुन्या लेडीज सायकलचा पडला असेल तर सांगा, महाल-इतवारीकडे मी स्वतः येऊन घेऊन जाईन. गंजका असला तरी चालेल, रॉकेल मारून सोडवीन.