आखूड मिशांचे चौदा नर

धुरी देऊन ताडपत्री काढल्यावर पाचव्याच दिवशी पोत्यात जिवंत किडा दिसला की गोदामात दोनच गोष्टी बोलल्या जातात. गोळ्या कमी टाकल्या, नाहीतर किडा आता औषधाला दाद देत नाही. मराठवाड्यातल्या एका खासगी गोदामात गेल्या ऑगस्टमध्ये सहा नंबरच्या थप्पीबद्दल हेच झालं. पहिलं कारण तासाभरात निकालात निघालं. दुसऱ्याबद्दल अजून ठाम बोलता येत नाही.

गहू पीठगिरणीचा, मध्य प्रदेशातून आलेला. ५० किलोची ३,००० पोती, म्हणजे १५० टन. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या ३ ग्रॅमच्या गोळ्या, टनाला ३, एकूण ४५०. एका गोळीतून १ ग्रॅम फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. गोळ्या कापडी पुरचुंड्यांत पातळ पसरून थप्पीच्या चारही बाजूंना ठेवल्या. ढीग करायचा नसतो. ढिगातल्या गोळ्या तापतात आणि ओल लागली तर पेट घेऊ शकतात. वर २०० मायक्रॉनची ताडपत्री, कडेने वाळूच्या पिशव्यांची दुहेरी रांग, मुदत ७ दिवस. रजिस्टरमध्ये सात लिहून पाचव्या दिवशी ट्रक लावणारी गोदामं मी पाहिली आहेत. इथे तसं झालं नव्हतं, सातही दिवस पूर्ण भरले.

मिळालेला किडा म्हणजे चपटा भुंगेरा, क्रिप्टोलेस्टिस. गोदामाच्या रजिस्टरमध्ये त्याची नोंद 'लाल किडे' अशी होती, आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार या दोन शब्दांबद्दल आहे. पिठातला तांबडा भुंगेरा, म्हणजे ट्रायबोलियम, ३ ते ४ मिलिमीटरचा असतो. हा जेमतेम दीड ते दोन मिलिमीटर, आणि इतका चपटा की पोत्याच्या शिवणीतून आरपार जातो. मूळ घराणं झाडाच्या सालीखाली राहणारं, तिथूनच हा आकार आला. पूर्वी या गटाला क्युक्युजिडी कुळात धरत, आता त्याचं लेमोफ्लोइडी हे वेगळं कुळ मानतात. वीस पट भिंगाखाली छातीच्या दोन्ही कडांना समांतर एकेक बारीक उभी रेघ दिसते, ती या कुळाची खूण. छातीच्या प्रत्येक कडेला सहा दात दिसले तर तो करवती भुंगेरा, त्याचं कुळ निराळं. पुढच्या दोन कोपऱ्यांत गाठीसारखा उंचवटा असेल तर तो अहॅस्व्हेरस, आणि मग किड्याआधी धान्यातली बुरशी शोधायला हवी. चपट्या भुंगेऱ्याला अखंड, कठीण दाणा सहसा फोडता येत नाही. अंकुराजवळ तडा गेलेला दाणा त्याला लागतो. अळी त्या तड्यातून आत शिरते, अंकुर खाते आणि तिथेच रेशमी कोष करते. म्हणून हा किडा वाढलेला दिसला की मालात तुकडा आणि चुरा किती आहे ते आधी बघावं.

आपल्या गोदामांत मुख्यतः दोन जाती भेटतात, फेरुजिनियस आणि पुसिलस. त्यांच्या माद्या वरवर बघून वेगळ्या करता येत नाहीत, नर करता येतात. पुसिलसच्या नराच्या मिशा जवळपास अंगाएवढ्या लांब. फेरुजिनियसच्या नराच्या साधारण निम्म्या, आणि त्याच्या जबड्याला बाहेरून बुडाशी दातासारखा फुगवटा असतो. मेलेल्या किड्याच्या मिशा तुटतात, म्हणून जिवंत किडे काही मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करायचे आणि तेवढ्यात बघून घ्यायचे.

आता वायूचे आकडे. ताडपत्रीखाली तीन नायलॉनच्या नळ्या सोडलेल्या होत्या: माथ्यावर, मध्यावर आणि खालच्या ईशान्य कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी माथ्यावर ११५०, मध्यावर १०२० आणि कोपऱ्यात ६४० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वायूचे तेवढे भाग. चौथ्या दिवशी ७००, ६१०, १८०. सातव्या दिवशी ३९०, ३४०, ४०. शेवटच्या दिवशी सगळीकडे २०० तरी असायला हवेत. माथ्यावरची एकच नळी ठेवली असती तर धुरी उत्तम झाली असंच लिहिलं गेलं असतं, आणि बहुतेक ठिकाणी एकच नळी ठेवतात. फॉस्फिन हवेपेक्षा किंचितच जड असतो आणि छान पसरतो. एकाच कोपऱ्यात तो इतका घसरला तर तिथे गळती आहे असंच समजावं.

गळती जमिनीतूनच होती. काँक्रीटचा प्रसरणाचा सांधा सहा नंबरच्या थप्पीखालून जातो. त्यातलं डांबर निघून गेलेलं, आणि दोन बोटं रुंद फटीत वर्षानुवर्षांचा चुरा, कोंडा आणि माती भरलेली. कडेने वाळूची रांग कितीही नीट लावा, ती त्या फटीवरून पुलासारखी जाते आणि वायू खालून निघून जातो. जिवंत किडेही याच कोपऱ्यातल्या खालच्या दोन थरांत मिळाले. इथवर सगळं गळतीकडेच बोट दाखवत होतं.

फटीच्या बाहेर आलेल्या भागात किडे लपायला येतील अशा नालीदार पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठेवल्या. दोन रात्रींत १९ चपटे भुंगेरे. मग सरळ अर्थ असा निघत होता की पोत्यांतला किडा मेला, फटीतला वाचला आणि ताडपत्री निघाल्यावर वर चढला. त्यांना औषधाला दाद न देणारे म्हणायचं कारणच उरत नव्हतं.

मग नर मोजले. फटीतल्या १९ पैकी ९ नर, त्यांत ४ लांब मिशांचे आणि ५ आखूड. पोत्यांतले जिवंत किडे ३१, त्यांत १४ नर. चौदाही आखूड मिशांचे, सगळे फेरुजिनियस. फटीतूनच वर आले असते तर चौदांत पाच-सहा तरी लांब मिशांचे दिसायला हवे होते.

हा आकडा मला सोडत नाही. फॉस्फिनला सर्वात चिवट ठरलेली चपट्या भुंगेऱ्याची जात फेरुजिनियसच आहे. पूर्व ऑस्ट्रेलियात २००७ च्या सुमारास तिचे असे किडे सापडले की नेहमीच्या धुरीने ते मरेनात, आणि तिथे सल्फ्युरिल फ्लोराइड या धुरीच्या दुसऱ्या वायूकडे वळावं लागलं. पोत्यांतल्या चौदांचा अर्थ असाही लागतो की कोपऱ्यातल्या अपुऱ्या वायूत पुसिलस मेले आणि फेरुजिनियस टिकले. पण धुरीआधी पोत्यांत पुसिलस होते की नव्हते? ते सांगणारा नमुना 'लाल किडे' लिहून फेकून दिला होता. परखी, म्हणजे पोत्यातून नमुना काढायची टोकदार नळी, मारून काढलेला अर्धा किलो गहू एका बाटलीत आठवडाभर ठेवला असता तर आज हा प्रश्नच पडला नसता. याबद्दल गोदामवाल्यांना कितीही सांगितलं तरी मला कमीच वाटतं.

आणखी एक पुरावा आहे, तोही अर्धवट. ३१ पैकी ६ किडे फिकट, पिवळसर होते, म्हणजे नुकतेच कोषातून निघालेले. अंड्यापासून भुंगेरा व्हायला या उबेत तीन ते चार आठवडे लागतात, तेव्हा हे सहा धुरीच्या वेळी पोत्यातच अळी किंवा कोष असणार. अंडी आणि कोष मुळातच पूर्ण भुंगेऱ्यापेक्षा जास्त फॉस्फिन सोसतात. ४० पीपीएमवर आलेल्या जागी कोष वाचला तर नवल नाही. पण गडद रंगाचे २५ उरतातच.

मालकाचं म्हणणं होतं, पुढच्या वेळी गोळ्या दुप्पट टाका. याने काही साधत नाही. फॉस्फिनमध्ये मात्रेपेक्षा मुदत जास्त काम करते. वायू फार दाट झाला तर किडा गुंगीत जातो, श्वसन मंदावतं आणि उलट तो तगतो. शिवाय फट उघडी असेल तर दुप्पट वायू फटीतून जाणार. आम्ही थप्पी हलवून फट व्हॅक्यूमने रिकामी केली. जमिनीवर आणि भिंतींवर डेल्टामेथ्रिन २.५ डब्ल्यूपी (पाण्यात कालवून फवारायची कीटकनाशक भुकटी), लिटरला ४० ग्रॅम, १०० चौरस मीटरला ३ लिटर. मग फट सीलंटने बुजवली. गोळ्या तेवढ्याच, मुदत १० दिवस. कोपऱ्यातली नळी शेवटच्या दिवशी २४० दाखवत होती. ताडपत्री काढून तीन आठवडे झाले, पोत्यांत जिवंत किडा नाही.

पोत्यांतले ३१ आणि फटीतले १९ दोन वेगळ्या काचेच्या बरण्यांत आहेत, तोंडाला मलमल, आत भरडलेला गहू आणि थोडं यीस्ट. प्लास्टिकच्या पिशवीत भरले तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत गुदमरून मरतात, आणि आलेला अर्धाअधिक माल तसाच मेलेला असतो. २० तास मोजक्या फॉस्फिनमध्ये ठेवून १४ दिवस लक्ष ठेवायचं, अशी चाचणी आहे, आणि तिला दोन्हीकडचे शंभराच्या वर भुंगेरे लागतात. फटीतल्या बरणीची पिल्लावळ तेवढी झाली आहे. पोत्यांतल्या बरणीत काल ६२ मोजले.