मिठाच्या पुडीवरची तारीख

कोल्हापूर, रविवार, रात्री

आज डंकावरून चटणी कुटून आणली. दोनदा अंघोळ केली तरी अंगाचा मिरचीचा वास गेलेला नाही, डोळे चुरचुरतायत. पण आजचं आजच लिहायला हवं.

नोव्हेंबरात दाढ काढायला गेले होते. दातांच्या डॉक्टरांनी इंजेक्शनआधी बीपी बघितलं, दहा मिनिटं बसवून पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "ताई, आज दाढ नको. आधी फिजिशियनला दाखवून या." १६८/१०४. मला ना डोकेदुखी, ना चक्कर. त्याच सकाळी चार जिने चढून गच्चीवरची टाकी बघून आले होते. मशीन बिघडलंय, असंच वाटलं.

मग आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजायला सांगितलं. मोजायचीही रीत असते, हे तेव्हा कळलं. आधी अर्धा तास चहा नाही, पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं गप्प बसायचं, दंड छातीच्या पातळीला, मधे बोलायचं नाही. सगळं तसंच केलं. चौदा वेळा मोजलं, वरचा आकडा एकदाही १५० च्या खाली आला नाही.

आप्पांना, माझ्या वडिलांना, हेच होतं. गोळी चालू होती, बरं वाटायला लागलं म्हणून त्यांनी आपणच बंद केली. "काय त्रास नाही आता, उगाच कशाला सवय लावायची?" म्हणायचे. ५८ व्या वर्षी एका पहाटे त्यांची उजवी बाजू गेली. पुढची सात वर्षं ते डाव्या हाताने शर्टाची बटणं लावत. गळ्याजवळचं बटण कधीच जमलं नाही, माहेरी गेले की ते मी लावायचे. बरं वाटतंय ते गोळीमुळेच वाटतंय, एवढं एक वाक्य त्यांना कुणीतरी बसवून समजावायला हवं होतं. मला डॉक्टरांनी बीपीची गोळी, अॅम्लोडिपिन, लिहून दिली तेव्हा मी एक शब्दही काढला नाही. पाच महिन्यांत एकही दिवस चुकवलेली नाही.

मिठाचं मात्र पटायला वेळ लागला. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं धरून जेमतेम एक सपाट चमचा. मी तर पानात वरून मीठ कधीच घेत नाही, मग माझ्या पोटात जास्त कसं जाईल? म्हणून किलोची नवी पुडी फोडली त्या दिवशी तिच्यावर पेनने तारीख लिहिली. एकविसाव्या दिवशी पुडी संपली. घरात आम्ही चौघं. हिशेब केला, माणशी जवळजवळ १२ ग्रॅम. पापड, फरसाण, बेकरीतली खारी यांतलं मीठ वेगळंच. पापडखार आणि खायच्या सोड्यातही मिठासारखंच सोडियम असतं, हे तर माझ्या डोक्यातच नव्हतं.

आणि आमची कांदा-लसूण चटणी! ती कुटतानाच मीठ घातलेलं असतं. आमटीत दोन चमचे चटणी पडली की तिच्याबरोबर मीठही पडतं, आणि मी वर पुन्हा सवयीने चिमटीवर चिमटी घालत होते. आता चटणी घालून, चव बघून, उतरवतानाच मीठ घालते. कणकेतलं बंद केलं, भाकरीत तर कधी नव्हतंच. ताकात जिरेपूड. पहिले पंधरा दिवस ह्यांना जेवण नकोसं व्हायचं, पण त्यांनी वरून मीठ मागितलं नाही. ते मी कधी विसरणार नाही. मागची पुडी ३६ दिवस गेली. माणशी अजून ७ ग्रॅम होतंय, कमी करायला वाव आहे.

रंकाळ्यावर आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालते, चार किलो वजन उतरलं. आज सकाळी १२८/८२.

तर आजची गोष्ट. चटणीत मीठ किती, ते दरवर्षी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ठरवतात. वय ७४, हाताचा अंदाज पक्का. मी भीतभीतच म्हटलं, निम्मं घालू या का? त्या म्हणाल्या, "मीठ कमी पडलं तर वर्षभर टिकत नाही गं, बुरशी धरते." ते खरंच आहे. मला पुढे बोलवेना. डंकावर आमचा नंबर आला तशी त्यांनी निम्म्या मिरच्या परत पिशवीत भरल्या, मिठाची पिशवी उघडली आणि उरलेल्या मिरच्यांना लागतं त्याच्या निम्मंच मीठ काढलं. म्हणाल्या, "एवढीच करू. फ्रीजमध्ये ठेवू. दिवाळीला परत येऊ कुटायला. तुझ्या आप्पांचं बघितलंय मी."

रात्री जेवताना त्यांनी पहिला घास त्याच चटणीशी मोडला. जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "लसूण चांगला लागतोय की."