ताई, पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सरच ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी डॉक्टर नाही, प्रयोगशाळेत पीसीआरच्या टेबलावर काम करते. तरी हळदीकुंकवाला गेले की कुणीतरी मला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठतं, इकडेतिकडे बघतं आणि मोबाइलवरचा रिपोर्ट पुढे करतं. "एचपीव्ही पॉझिटिव्ह आलंय. म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सरच ना?"

नाही. त्या तपासणीत कॅन्सर शोधलेलाच नसतो.

डॉक्टर गर्भाशयाच्या मुखावरून छोटा ब्रश फिरवतात आणि बाटलीतल्या द्रवात खळबळून आमच्याकडे पाठवतात. त्यात तुमच्या सुटलेल्या पेशी तरंगत असतात. पॅप तपासणीत अशाच पेशी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, त्यांचं रूप बिघडलंय का ते. माझ्या टेबलावर पेशीचं रूप दिसतच नाही. आम्ही डीएनए वेगळा काढतो आणि त्यात एचपीव्ही या विषाणूचा ठरावीक तुकडा आहे का बघतो. असला तर त्याच्या प्रती फेरीगणिक वाढत जातात आणि यंत्राला चमक दिसते. कोविडनंतर हे शेजारच्या आजींनाही समजावून सांगावं लागत नाही.

या विषाणूचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. हातापायावर चामखीळ आणणारेही याच कुळातले. आम्ही शोधतो ते धोक्याचे चौदाएक.

चमक दिसली नाही म्हणून लगेच निगेटिव्ह लिहीत नाही. ब्रश नीट फिरलाच नसेल तर? म्हणून त्याच नळीत बाईच्या स्वतःच्या पेशीतलं एक जनुकही शोधतो. तेही सापडलं नाही तर ‘नमुना पुन्हा पाठवा’ असं कळवतो. उलट बाजूनं, प्रत्येक बॅचमध्ये नुसत्या पाण्याची एक नळी असते. ती कधीच चमकायला नको. एकदा चमकली, आणि आम्ही अख्खी बॅच बाद करून पुन्हा लावली. रिपोर्ट उशिरा गेले म्हणून बोलणी खाल्ली. खाल्ली तर खाल्ली.

आता मुद्द्याचं. विषाणू आणि कॅन्सर यांचं नातं पक्कं आहे, त्यात शंका नाही. सत्तरच्या दशकात बहुतेकांचं बोट नागिणीच्या कुळातल्या एका विषाणूकडे होतं. जर्मनीचे हाराल्ड त्सूर हाउझेन ऐकेनात. 1983 साली त्यांच्या गटाला या कॅन्सरच्या गाठींत एचपीव्ही 16 सापडला, पुढच्या वर्षी 18. या दोघांच्याच खात्यावर गर्भाशयमुखाचे सत्तर टक्के कॅन्सर आहेत. 2008 साली त्यांना नोबेल मिळालं. विषाणूची दोन प्रथिनं, ई-6 आणि ई-7, पेशीच्या दोन राखणदारांना निकामी करतात. पेशी बिघडली तर तिला थांबवणारं, वेळ पडली तर संपवणारं मग कुणी उरत नाही.

पण हे व्हायला विषाणूनं ठाण मांडून बसावं लागतं. बहुतेक बायकांच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपणहून जातो, आला होता हेही कळत नाही. जो जात नाही, तोसुद्धा कॅन्सरपर्यंत पोचायला साधारण दहा-वीस वर्षं घेतो. मधल्या काळात पेशी बिघडायला लागलेल्या दिसतात, आणि तेवढाच भाग जाळून किंवा कापून काढता येतो. पॉझिटिव्ह म्हणजे आता डॉक्टरांनी नीट बघायची वेळ आली, एवढंच. 16 किंवा 18 असेल तर सहसा थेट कॉल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयाचं मुख भिंगातून मोठं करून बघणं.

मला विचाराल तर या तपासणीतला खरा मोलाचा शब्द ‘निगेटिव्ह’ आहे, आणि त्याबद्दल मला कुणी कधी विचारत नाही. याचा पुरावा परदेशातून आणायला नको. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, 1999 पासून बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी गावागावांत अभ्यास केला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका. काही गावांत एकदाच एचपीव्ही तपासणी, काहींत पॅप, काहींत व्हिनेगरसारखं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून पांढरे चट्टे पाहणं, आणि काहींत नेहमीचंच चालू. आठ वर्षांनी हिशेब झाला. एचपीव्हीच्या गटात या कॅन्सरनं 34 बायका गेल्या, काहीच न केलेल्या गटात 64. त्या शेवटच्या गटातल्या बायकांना इतकी वर्षं नुसतं मोजत राहिलं, यावर पुढे बरीच टीका झाली. मलाही ते आकडे वाचताना घास अडकतो.

पण त्याच अभ्यासातलं हे बघा. तपासलेल्यांत शंभरात साधारण दहा जणी पॉझिटिव्ह होत्या, आणि त्यातल्या फार थोड्यांना कॅन्सर निघाला. ज्या निगेटिव्ह होत्या त्यांच्यात पुढे कॅन्सरचं प्रमाण वर्षाला लाखात 3.7. पॅप चांगला आलेल्यांत तेच 15.5. एकाच तपासणीनं मिळालेला हा निर्धास्तपणा आहे. म्हणून तर आता तिशीनंतर दर पाच-दहा वर्षांनी केली तरी चालते असं सांगतात.

दुसरा प्रश्न आणखी हळू आवाजात येतो. "हे कुठून आलं? ह्यांच्याकडून?" शरीरसंबंधातून येतो, हे खरं. पण कधीचा ते माझं यंत्र सांगू शकत नाही. वीस वर्षांपूर्वीचा, लपून बसलेला असू शकतो. या कागदावरून नवऱ्याचा पंचनामा करू नका, आणि सुनेचा तर मुळीच नको. एका सासूबाईंना मी हे सरळ तोंडावर सांगितलं होतं. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत.

तिसरा प्रश्न ऐकला की मला राग येतो, विचारणारीचा नाही. "मग पिशवी काढूनच टाकू का?" बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेलं. कॅन्सर होईल ही भीती दाखवली की ऑपरेशनला होकार मिळतो, हे त्यातून सगळ्यांना कळलं. नुसत्या एचपीव्ही पॉझिटिव्हवर पिशवी काढायची नसते. कुणी तसं म्हणालं तर बायोप्सीचा रिपोर्ट मागा, आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

लस? मुलींना द्या, नऊ ते चौदा वयात. पुण्यात बनलेली लस 2023 पासून मिळते. आत बसलेला विषाणू तिनं जात नाही, त्यामुळे आईला तपासणीच करावी लागते.

परवा आमच्या कामवाल्या मावशींचा रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह, पण 16-18 नाही. पॅप स्वच्छ. डॉक्टरांनी वर्षानं परत बोलावलं. मावशींनी माझ्या भिंतीवरचं कालनिर्णय घेतलं, डिसेंबरपर्यंत पानं उलटली आणि थांबल्या.

"हे तर इथंच संपतंय. कुठं लिहू?"

शेवटच्या पानाच्या मागे लिहिलंय. नवीन आलं की आधी ते उतरवायचं, असं दोघींचं ठरलंय.