खेळाडूच्या नावापुढचा झेंडा: गेमसाठी देशांची यादी बांधताना

ऑनलाइन गेममध्ये नावाशेजारी झेंडा दाखवायचं ठरलं की बहुतेक टीम आयएसओ ३१६६ ची, म्हणजे देशांच्या आंतरराष्ट्रीय कोडची, यादी उचलून ड्रॉपडाउनमध्ये ओततात. ही यादी संयुक्त राष्ट्रांची नावं वापरते. तिच्यात तैवानची नोंद ‘चीनचा प्रांत’ अशी आहे आणि कोसोवो नाहीच. म्हणजे कोसोवोची राजधानी प्रिश्टिना इथल्या पोराला खेळायला बसण्याआधी सर्बिया निवडावा लागतो. टीममध्ये कुणी यावर विचार केलेला नसतो, पण खेळाडूच्या लेखी ती तुमचीच भूमिका ठरते.

कोड आणि दिसणारं नाव यांचे रकाने वेगळे ठेवा. तैवानचा कोड टीडब्ल्यूच राहू द्या, नाव नुसतं ‘तैवान’. कोसोवोसाठी एक्सके वापरा. एक्सए ते एक्सझेड हे कोड आयएसओने वापरणाऱ्यांसाठी मोकळे सोडलेत आणि युरोपीय संघही एक्सकेच वापरतो. अडचण पुढे येते: सर्व्हरवरची तपासणी मूळ यादीशीच जुळवत असेल तर एक्सके नाकारला जातो, रकाना रिकामा राहतो आणि स्क्रीनवर यादीतला पहिला देश उमटतो. इंग्रजी यादीत तो अफगाणिस्तान. रिकाम्या रकान्यासाठी साधा करडा चौकोनच हवा.

झेंड्याचं चित्र कोडला कायमचं चिकटवू नका. डिसेंबर २०२४ मध्ये सीरियात सत्ता पालटली आणि झेंडाही बदलला, कोड मात्र तोच. अफगाणिस्तानात २०२१ पासून तालिबानचा पांढरा झेंडा फडकतो, संयुक्त राष्ट्रांत अजून जुना तिरंगी आहे. यातला कोणता घ्यायचा हे आधी ठरवा आणि कारणासकट लिहून ठेवा. चित्रं गेमच्या फाइलमध्ये बांधून टाकली तर एका झेंड्यासाठी अख्खं अपडेट काढावं लागतं. ती सर्व्हरवरून येऊ द्यात. इमोजीचा सोपा मार्ग टाळाच: विंडोज झेंड्याऐवजी दोन अक्षरं दाखवतं आणि चीनच्या सेटिंगमधल्या आयफोनवर तैवानचा झेंडा दिसतच नाही.

आयपी पत्त्यावरून झेंडा ठरवणं मला सर्वांत अन्यायाचं वाटतं. दुबईत नोकरी करणाऱ्या सांगलीकराला अमिरातीचा झेंडा कशासाठी? दर आणि कर यांसाठी स्टोअरचा प्रदेश वेगळा नोंदवा, झेंडा खेळाडूला निवडू द्या, आणि ‘झेंडा नको’ हा पर्याय यादीत सर्वांत वर ठेवा. पॅलेस्टाइन, क्रिमिया, हाँगकाँग इथल्या कित्येकांना तोच हवा असेल.

खेळांच्या गेमला मात्र दुसरा तक्ता लागतो, कारण तिथे देश नसतो, संघटना असते. तैवानचा संघ १९८१ च्या करारापासून ऑलिंपिकमध्ये ‘चायनीज तैपेई’ म्हणून आणि वेगळ्या झेंड्याखाली उतरतो. कोसोवो मे २०१६ पासून फिफाचा सदस्य आहे. हे दोन तक्ते एक केले की किंमत मोजावी लागते: २००४ मध्ये चीनने ‘फुटबॉल मॅनेजर २००५’ वर बंदी घातली, कारण त्यात तैवान, हाँगकाँग, मकाऊ आणि तिबेट स्वतंत्र देशांसारखे दिसत होते. ‘हार्ट्स ऑफ आयर्न’ या युद्धाच्या गेमवरही त्याच वर्षी बंदी आली, तिथे कारण नकाशाचं होतं.

नकाशाचा प्रश्न आपल्याकडे थेट कायद्याचा आहे. सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी संस्थेच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पुण्या-मुंबईतल्या छोट्या टीम बहुधा नॅचरल अर्थ या जगाच्या नकाशा-संचाचा मोफत डेटा घेतात. त्याची मूळ फाइल प्रत्यक्ष ताब्यानुसार सीमा काढते, म्हणजे काश्मीर नियंत्रण रेषेवर कापलेलं येतं. १:१ कोटी प्रमाणाच्या संचात भारताच्या भूमिकेची वेगळी फाइल आहे, ‘आयएनडी’ शेपटीची, ती घ्या. तेवढ्यावर थांबू नका. सीमारेषांचा थर स्वतंत्र असतो; तो जुनाच राहिला तर रंग बरोबर भरूनही मधून रेघ जाते. शेवटी सर्व्हेच्या नकाशावर ठेवून डोळ्यांनी जुळवा. लोडिंग स्क्रीनवरचा पृथ्वीचा फिरता गोलही तपासा. सजावट म्हणून तो नेहमी सुटतो.

याच डेटाचा आणखी एक सापळा: दोन अक्षरी कोडच्या रकान्यात कोसोवोसमोर उणे ९९, म्हणजे ‘कोड नाही’ची खूण, येतं, आणि फ्रान्स-नॉर्वेसमोरही. त्यावरून झेंडे जोडले तर पॅरिसचे खेळाडू बिनझेंड्याचे होतात. नावाच्या शेवटी ‘ईएच’ असलेला रकाना वापरा.

चाचणीत तैवान, कोसोवो, पॅलेस्टाइन, पश्चिम सहारा, सीरिया हे हवेतच. सोबत नेपाळही घ्या. त्याचा झेंडा आयताकृती नाही आणि रुंदीपेक्षा उंच आहे. ठरावीक चौकटीत कोंबला की ताणला जातो.